लव्हाळ्याचे कौतुक पुरे!

गेल्या वर्षी सुरतेतील आपल्या मराठी मंडळींच्या एका स्नेहसंमेलनाला जाण्याचा योग आला. हॉल गच्च भरलेला. पुढच्या रांगांत उधना, लिंबायत, डिंडोलीकडची कर्ती मंडळी, मागे बायाबापड्या आणि पोरेबाळे. प्रमुख पाहुण्यांनी भाषणाच्या आरंभीच तुकोबांचा लव्हाळा काढला. सुरत म्हणजे लव्हाळा, असे ते म्हणाले. १९९४ चा प्लेग आला, २००६ चा महापूर आला, २०२० चा कोरोना आला. सुरत वाकली, पण मोडली नाही. पुन्हा उभी राहिली. आणि या उभारीत आपल्या खानदेशी श्रमिकांचा केवढा वाटा! टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती. सुरतेत तिची चाळीस वर्षे गेली. तिने टाळी वाजवली नाही. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, ह्या साहेबांचं घर कितव्या मजल्यावर आहे रे?"

वाचकहो, त्या प्रश्नाने मला घरी आल्यावरही झोप लागू दिली नाही. पाहुण्यांचा हेतू वाईट नव्हता. पण संकटातून सावरणाऱ्या माणसांचे गोडवे गाता गाता संकट कोणी आणि कसे वाढवले, हा प्रश्नच आपण विसरून जातो. आज देशोदेशीच्या परिषदांतून 'रेझिलियन्स' नावाचा शब्द गाजतो आहे. त्याचे मराठीत कोणी लवचिकता करतात, कोणी चिवटपणा, कोणी नुसतेच 'स्पिरिट' म्हणतात. ज्या शास्त्रातून हा शब्द आला ते शास्त्र मात्र आपण कौतुकासाठी वापरतो त्याच्या नेमके उलटे सांगते, आणि सुरतेइतका त्याचा धडा दुसऱ्या कोणत्याही शहराने इतक्या जवळून गिरवलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मराठीचा एम.ए. शास्त्राच्या प्रांतात माझी गती बेताचीच. पण तीस वर्षे मुलांना शिकवताना एक गोष्ट कळली आहे, की जे सोप्या भाषेत सांगता येत नाही ते आपल्यालाच समजलेले नसते. म्हणून जे समजले ते सोपे करून सांगतो.

जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक घड्याळासारख्या. घड्याळ बिघडले, कारागिराने उघडले, झिजलेले चाक बदलले, काम झाले. दुसऱ्या आठवडे बाजारासारख्या. नंदुरबारचा बाजार कोणी भरवत नाही, तो भरतो. मिरचीचा भाव कोणी एक माणूस ठरवत नाही. शेकडो शेतकरी, दलाल, गिऱ्हाईक एकमेकांकडे बघून आपापला निर्णय घेतात आणि त्यातून भाव निघतो. पाऊस लांबला, रस्ता खचला, की प्रत्येक जण आपले वागणे बदलतो, आणि त्या बदललेल्या वागण्याने बाजारच बदलतो. अशा गोष्टींना अभ्यासक 'जटिल अनुकूलनशील व्यवस्था' म्हणतात. अमेरिकेत १९८४ साली सांता फे येथे याच विषयासाठी एक संस्था निघाली, आणि जॉन हॉलंडसारख्या विद्वानांनी त्यावर आयुष्य वेचले. जंगल ही अशी व्यवस्था, नदीचे खोरे अशी व्यवस्था, शहरही अशीच व्यवस्था. तिला घड्याळ समजून एकच चाक बदलायला गेलात, तर बिघाड दुसरीकडून डोके वर काढतो.

कॅनडातील परिसरशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली एका निबंधात दोन गुण एकमेकांपासून वेगळे केले. धक्का बसल्यावर पूर्ववत् होणे, हे स्थैर्य. धक्का पचवून, प्रसंगी स्वतःचे रूप बदलून, आपले मूळ काम चालू ठेवणे, हा रेझिलियन्स. वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटतात. पण हॉलिंग यांनी दाखवले, की स्थैर्याचा अट्टाहास धरला तर तग धरण्याची ताकद कमी होते. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील सूचिपर्णी जंगलात एक अळी अधूनमधून थैमान घालते. झाडे वाचावीत म्हणून विमानातून औषध फवारले. झाडे वाचली, म्हणजेच अळीचे खाद्यही वाचले. मग दर वर्षी फवारणी करणे भाग पडले, कारण थांबलो तर पूर्वीपेक्षा मोठी साथ, अशी परिस्थिती उभी राहिली. उपायानेच रोगाला बिऱ्हाड करून दिले!

आता हे ध्यानात ठेवून सुरतेकडे या.

१९९४ च्या सप्टेंबरात मी सुरतेत बहिणीकडे होतो. बी.एड. झाले होते, नोकरी नव्हती, शिकवण्या करीत होतो. बहिणीचे बिऱ्हाड वेडरोडला, मेव्हणे मागावर कामाला. त्या महिन्यात तापीला पूर येऊन गेला होता. पाणी ओसरले, पण चिखल, कुजका कचरा आणि मेलेली जनावरे मागे राहिली. गणपती विसर्जन झाले आणि दोन-तीन दिवसांत आमच्याच भागातून माणसे ताप येऊन, रक्त ओकून मरू लागली. एका रात्रीत 'प्लेग' हा शब्द गल्लीगल्लीत फिरला. दवाखाने बंद, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लाखो माणसांनी त्या आठवड्यात शहर सोडले, त्यांतला मी एक. गावी पोहोचलो तर वेशीवरच अडवले. आठ दिवस खळ्यात झोपलो. आई लांबून भाकरी ठेवायची आणि पदराने डोळे पुसत परत जायची.

देशभरात मिळून त्या साथीतील अधिकृत मृत्यू साठीच्या आत होते. क्षयाने त्या काळी भारतात दर दिवशी याहून कितीतरी अधिक माणसे मरत होती. तरी विमाने बंद झाली, निर्यात थांबली, जगाने भारताकडे पाठ फिरवली. याला म्हणतात जटिल व्यवस्था. धक्का केवढा आणि पडसाद केवढा, याचे त्रैराशिक येथे मांडता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला होता. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, माणसांनी घरे सोडली, धान्य तसेच पडून राहिले, उंदीर माजले, असा तर्क त्या वेळी जाणकारांनी मांडला. भूकंप, धान्य, उंदीर, पूर, कचरा, दाटीवाटी आणि भीती यांचे धागे असे एकमेकांत अडकलेले असतात.

पण पुढे जे घडले ते सोन्याच्या अक्षरांनी लिहावे असे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी नुसते झाडू वाटले, असा एक गैरसमज आहे. झाडू पूर्वीही होते. रावांनी निर्णयाची जागा बदलली. शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला स्वतः निर्णय घेण्याचे आणि खर्चाचे अधिकार दिले. वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या साहेबांना रोज सकाळी गल्लीत उभे केले. जे दिसले त्याची त्याच दिवशी बैठकीत चर्चा, त्याच दिवशी निर्णय. अतिक्रमणावर हातोडा पडला तो केवळ गरिबाच्या टपरीवर नाही, बड्या धेंडांच्या बांधकामांवरही. दंड झाला तो मोठ्या हॉटेलांनाही. झोपडपट्टीत फरसबंदी, नळ, संडास आले. तापाच्या रुग्णांची रोजची नोंद ठेवली जाऊ लागली. दोन वर्षांच्या आत देशातील गलिच्छ म्हणून बदनाम झालेले शहर चंदीगडच्या खालोखाल स्वच्छ म्हणून गणले गेले. अधिकारी बदलले, पक्षांचे राजकारण चालू राहिले, तरी घडी मोडली नाही. २०२३ च्या देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळवला.

याला मी रेझिलियन्स म्हणतो. सुरत प्लेगनंतर पूर्ववत् झाली नाही, म्हणून ती वाचली. पूर्ववत् होणे म्हणजे पुन्हा तोच उकिरडा! लव्हाळा पूर ओसरल्यावर पहिल्यासारखा उभा राहतो. सुरत पहिल्यासारखी उभी राहिली नाही, वेगळी उभी राहिली. पाहुण्यांच्या भाषणातली पहिली चूक येथे आहे.

दुसरी चूक नदीच्या बाबतीत आहे, आणि ती एकट्या पाहुण्यांची नाही, आपणा सर्वांची आहे. कचऱ्याच्या बाबतीत शिकलेले शहर नदीच्या बाबतीत निम्मेच शिकले.

उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर, मुळात साडेआठशे कोटी घनमीटर पाणी साठवील असे प्रचंड धरण. त्याच्या पाण्याखाली दीडशेहून अधिक गावे गेली. त्यांत आपल्या नवापूर-नंदुरबारकडचीही होती. ज्यांची घरे त्या पाण्यात गेली, त्यांच्यातील कित्येकांची मुले-नातवंडे पुढे पोटासाठी सुरतेलाच गेली, हा दैवदुर्विलास आपल्या भागात कोणाला वेगळा सांगायला नको. धरणाने कालवे दिले, वीज दिली, उद्योगांना पाणी दिले, आणि सुरतेला दिली एक भावना, की आता पुराची भीती गेली.

त्या भावनेने काय केले पाहा. भीती गेली म्हणून माणसे नदीकडे सरकली. जेथे पूर्वी पुराचे पाणी पसरून शांत व्हायचे तेथे वसाहती झाल्या. वसाहती झाल्या म्हणून तटबंदी हवी झाली. तटबंदी झाली म्हणून तिच्या आडोशाला आणखी वसाहती झाल्या. १९९५ साली पिण्याचे पाणी अडवण्यासाठी सिंगणपोरला बंधारा झाला. पाणी मिळाले, पण नदीच्या पोटात गाळही साचत गेला. १९९१ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात असलेले शहर २०११ मध्ये पंचेचाळीस लाखांच्या घरात गेले. यातला एकही माणूस वेडा नव्हता. बिल्डर आपला नफा बघत होता, मजूर स्वस्त खोली बघत होता, पालिका करदाता बघत होती, शेतकरी कालवा बघत होता. प्रत्येकाने शहाणपणा केला आणि सगळ्यांचे मिळून संकट तयार झाले.

आकडेच बोलतात. १९६८ साली, धरण नव्हते तेव्हा, तापीला पंधरा लाख क्युसेकच्या आसपास पूर आला होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेले पाणी नऊ लाखांच्या आसपास होते. म्हणजे पाणी पुष्कळ कमी. पण जुन्या होप पुलापाशी पाण्याची पातळी १९६८ इतकी, किंबहुना थोडी वरच गेली! पाणी कमी आले आणि पूर मोठा आला. नदीची कूस आपण आवळली, दुसरे काय?

धरणाची अडचणही समजून घ्यायला हवी. शेती, वीज, उद्योग यांना ते पावसाळ्याच्या शेवटी भरलेले हवे. पुराला थोपवायचे तर ते रिकामे हवे. एकाच भांड्याला दोन धनी, आणि दोघांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला, जलाशयाकडे लोंढे आले, आणि सोडण्यावाचून इलाज उरला नाही. शहराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला, शंभरावर माणसे दगावली.

वेडरोडच्या त्या घरातून बहिणीने मला केलेला फोन अजून कानात आहे. दोनच शब्द: "पानी उनं." मग फोन बंद. तीन दिवस ती शेजाऱ्याच्या गच्चीवर होती, चार पोरे आणि एक म्हातारी सासू घेऊन. पाणी उतरल्यावर घरातून कमरेइतका चिखल निघाला. मेव्हण्यांचे दोन महिन्यांचे काम गेले, थोरल्या भाचीची दहावीची वह्यापुस्तके गेली. "आता नदीजवळ नाही राहायचं," असे म्हणून त्यांनी मिळेल त्या किमतीला खोली विकली आणि परवडेल तेथे घेतली. परवडले कोठे? लिंबायतमध्ये, मीठी खाडीच्या अंगाला.

सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, तेथे खाडी म्हणजे समुद्राचा फाटा नव्हे. गावावरून येणारे ओढे-नाले शहरातून वाहतात, त्यांना तेथे खाडी म्हणतात. त्यांची पात्रे दोन्ही बाजूंनी भरत, बुजत आली आहेत. शिवाय तापी फुगली की शहरात उलटे पाणी शिरू नये म्हणून नदीकडची गटारांची दारे बंद करावी लागतात. मग आतल्या पावसाचे पाणी जाणार कोठे? पंपांनी उपसेल तेवढे उपसायचे, बाकीचे सखल वस्तीत. २०२४ च्या जुलैमध्ये खाड्या फुगल्या, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा फुगल्या. तापी शांत होती आणि बहिणीच्या घरात पाणी होते! आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एका धोक्याशी जुळवून घेताना माणूस दुसऱ्या धोक्याच्या दारात जाऊन उभा राहतो. जुळवून घेण्याचे कौतुक करणाऱ्यांनी हे पान कधी उलटून पाहिलेले नसते.

कोणी म्हणेल, मुख्याध्यापक, तुम्ही एकांगी लिहिता. उकाई नसती तर सुरत किती वेळा बुडाली असती? मान्य. भिंती नसत्या तर दर दोन-चार वर्षांनी चिखल काढावा लागला असता. तेही मान्य. आणि २००६ नंतर काहीच झाले नाही असेही मी म्हणणार नाही. २००८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानने आशियातील शहरांसाठी हवामानबदलाचा उपक्रम सुरू केला, त्यात सुरत होती. २०१२ मध्ये सुरतेत त्यासाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. पालिका, धरण, हवामान, विद्यापीठ अशा वेगवेगळ्या घरची माणसे एका टेबलाशी बसली आणि वरच्या पावसावरून पुराची सूचना आधी मिळण्याची व्यवस्था उभी राहिली. २०१३ च्या डिसेंबरात जगातील शंभर 'रेझिलियंट' शहरांच्या पहिल्या तुकडीत सुरतेची निवड झाली, २०१७ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. २००६ सारखा तापीचा पूर तेव्हापासून पुन्हा आलेला नाही, यात धरणाचे पाणी अधिक सावधपणे हाताळण्याचा वाटा आहे. श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

पण तो शंभर शहरांचा उपक्रम २०१९ मध्ये गुंडाळला गेला. परदेशी पैशावर आलेला शब्द पैशाबरोबर जाऊ शकतो. आणि सूचना दोन दिवस आधी मिळाली, तरी खाडीकाठच्या बाईने दोन दिवसांत घर उचलून कोठे न्यायचे? सूचना माणूस वाचवते, बिऱ्हाड वाचवत नाही. भिंतींचेही तसेच. भिंत छोटे पूर अडवते, म्हणून माणूस पूर विसरतो. आणि ज्या दिवशी भिंतीच्या वरून पाणी येते त्या दिवशी भिंतीआड दुप्पट माणसे असतात. न्यू ब्रन्सविकच्या फवारणीची गोष्ट येथे पुन्हा वाचावी.

आता तिसऱ्या चुकीकडे वळतो, कारण ती सर्वांत धूर्त आहे. हल्ली काही विद्वान मंडळी म्हणू लागली आहेत, की व्यवस्था इतकी गुंतागुंतीची आहे, की कोणा एकाला दोष देता येत नाही. वा! आमच्या एकत्र कुटुंबातही भांडण गुंतागुंतीचे असायचे, पण दूध कोणी उतू घालवले ते घरात सगळ्यांना ठाऊक असायचे. सगळे सगळ्याशी जोडलेले आहे, याचा अर्थ सगळे सारखेच जबाबदार आहेत असा होत नाही. ज्याच्या हाती नकाशा आहे, परवानगीचा शिक्का आहे, धरणाच्या दाराची कळ आहे, त्याची जबाबदारी मोठी. ज्याच्या हाती फक्त भाड्याची पावती आहे त्याची लहान. त्यातून फायदा झाला एकाला आणि चिखल काढला दुसऱ्याने, तर त्याला गुंतागुंत म्हणत नाहीत, अन्याय म्हणतात. जटिलतेचे शास्त्र जबाबदारी टाळण्यासाठी नाही. उलट, दूरच्या माणसालाही आपली जबाबदारी दाखवण्यासाठी ते आहे.

आणि असा दूरचा माणूस म्हणजे आपण. होय, सीमेवरचे आपण.

तापीचे खोरे सुमारे पासष्ट हजार चौरस किलोमीटरचे. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे, गुजरातेत सहा टक्क्यांच्या आसपास. नदी उगम पावते मध्यप्रदेशात, मुलताईला, वाढते विदर्भ-खानदेशात, आणि तिचा हिशेब चुकता होतो सुरतेत. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर, गोमाई यांचे सगळे पाणी शेवटी उकाईत जाते. आमच्या शाळेजवळची रंगावलीही तिकडेच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिने नवापुरात हाहाकार उडवला, तेव्हा आम्हाला ती आमची नदी वाटली. त्याच्या आधी आणि नंतर ती नुसता पुलाखालचा ओढा.

मी दहावीच्या वर्गात विचारले, "आपल्या शाळेच्या छपरावर पडलेला पाऊस कोठे जातो?" मुले म्हणाली, गटारात. "गटारातून?" ओढ्यात. "पुढे?" पुढचे कोणालाच सांगता येईना. वर्गातल्या निम्म्या मुलांचे मामा, काका, आत्या सुरतेत आहेत. छपरावरचे पाणी मामाच्या गावाला जाते, हे एकाही मुलाच्या डोक्यात आले नाही. मुलांचा दोष नाही. आपण नकाशा राज्याच्या रेषेवर कापून शिकवतो. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात अर्धे बाकडे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत, ही गंमत आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण नदीही तशीच एक सलग वस्तू आहे, हे मुलांना दाखवत नाही. ह्या राज्यात किती पाऊस झाला ते मराठीत, त्या राज्यात धरण किती भरले ते गुजरातीत, आणि दोन्ही वाचू शकणारी आपली दुभाषी कुटुंबे मधल्यामध्ये गप्प!

हे शास्त्र परदेशी आहे, आपल्याला काय करायचे, असेही कोणी म्हणू नये. याच तापीच्या खोऱ्यात, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर आपल्या पूर्वजांनी फड पद्धत चालवली, तीन-चारशे वर्षे. बंधारा गावाचा, पाट गावाचा, शेतीचे फड पाडलेले. पाणी किती आहे ते बघून यंदा कोणते फड भिजवायचे ते गाव ठरवी. पाणी कमी, तर फड कमी. पण कमी पाण्याचा चटका एकाच गरिबाला नाही, सर्वांना वाटून. पाटकरी, जागल्या, हवालदार यांची नेमणूक गावाची आणि त्यांना जाब विचारणारेही गावच. नियम कायम नव्हते, नियम बदलण्याची रीत कायम होती. अशा सामायिक साधनांच्या व्यवस्थांचा अभ्यास करून अमेरिकेच्या एलिनोर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या धुळे-साक्रीच्या म्हाताऱ्यांना ते ज्ञान शेतावर मिळाले होते! रावांनी सुरतेत अधिकार खाली नेले आणि माहिती रोज वर आणली, तेही याच जातीचे शहाणपण.

म्हणून माझे मागणे साधे आहे. नदीला आणि खाडीला तिची जागा मोकळी करून द्या. आणि तेथून माणसे हलवायची तर आधी त्यांना कामाच्या जवळ, कोरड्या जागी घर द्या. शहराबाहेर फेकून त्याला पुनर्वसन म्हणू नका. हलवताना बड्यांची बांधकामे आधी, टपऱ्या नंतर. हा क्रम रावांनी एकदा घालून दिला आहे. धरणातून पाणी सोडण्याची सूचना गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उडिया, तेलुगूतही वस्तीपर्यंत पोहोचू द्या, कारण चिखल काढणाऱ्यांच्या भाषा त्या आहेत. तिन्ही राज्यांनी खोऱ्याचा विचार एकत्र करावा, आणि त्या टेबलाशी खाडीकाठच्या वस्तीतल्या एखाद्या बाईलाही खुर्ची असावी. आणि आपण शिक्षकांनी दोन्ही बाजूंच्या शाळांत पर्जन्यमापक लावून मुलांना रोजच्या नोंदी एकमेकांना कळवायला लावाव्यात. हातातल्या मोबाइलवर दिवसभर इतके काही चालते, त्यात एवढे चालायला काय हरकत आहे? मी माझ्या शाळेत या जूनपासून सुरुवात करतो आहे. पर्जन्यमापक आणला आहे. जोडीला सुरतेतील एक मराठी शाळा मिळाली आहे.

राहता राहिला लव्हाळा. तुकोबांनी तो मोठेपणाच्या ताठ्याला उद्देशून सांगितला, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. झाडांना सांगायचा उपदेश आपण गवताला करीत सुटलो. ज्यांनी वाकायचे ते ताठ उभे, आणि जे जन्मभर वाकलेलेच त्यांना वाकण्याचे प्रशस्तिपत्र!

जून लागला, की माझी बहीण रेशन कार्ड, घराची कागदपत्रे, भाच्यांच्या मार्कशीट आणि सासूचा एक जुना फोटो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवते. दिवाळीच्या साफसफाईला ती पिशवी खाली येते. या वर्षीही आली. "चार महिने ती वर असते तोवर मला झोप गाढ लागत नाही," ती म्हणते. पुढच्या पाहुण्यांनी सुरतेच्या स्पिरिटवर बोलण्याआधी त्या पिशवीविषयी दोन शब्द बोलावेत, आणि मग टाळ्या मागाव्यात. पहिली टाळी माझी बहीण वाजवील.